पावणेनऊ इंच

भाच्याने तो चाकू मागवला तेव्हा मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी नको म्हटलं असतं असं नाही, कारण फोटोत तो भारीच दिसत होता. पात्याच्या पाठीला करवतीसारखे दात, मूठ पोकळ, तिच्या बुडाला फिरकीचं झाकण, झाकणात होकायंत्र आणि आत काड्या, गळ, दोरा ठेवायला जागा. किंमत बाराशे रुपये. दुसऱ्याच शिबिरात त्याचं पातं मुठीतून सुटलं आणि दहाएक फुटांवरच्या लाखोळीच्या पिकात जाऊन पडलं. कुणाला लागलं नाही. पण त्या बाजूला पाच मिनिटांपूर्वी पोरं बसून शेंगा सोलत होती. संध्याकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, आता तुम्हीच सांगा कोणता घेऊ."

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. कानस, ऐरण, पोलादाला पाणी देणं (म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करणं) या गोष्टींत आयुष्य गेलं, जंगलात राहण्यात नाही. तेव्हा पुढे लिहिलंय ते एका शिबिराचं आणि एका पात्याचं प्रकरण आहे. दुसरीकडे लाकूड वेगळं असेल, तर उत्तरही वेगळं निघेल.

जागा आणि काम

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या अलीकडे बहिणीची साडेतीन एकर धानाची शेती आहे. शेजारी मामा तलाव. (बाहेरच्यांना हे नाव गमतीचं वाटतं. पण ते ‘माजी मालगुजारी’चं लघुरूप आहे, कुणाच्या मामाचा संबंध नाही.) धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बाभळी, पळस, दोन मोह आणि कोपऱ्यात कटांग बांबूचं बेट. धान निघालं की बांध्या कोरड्या पडतात, आणि डिसेंबर-जानेवारीत भाचा तिथे शाळकरी मुलांची तीन रात्रींची निसर्ग शिबिरं घेतो. चाळीस मुलं, सहा स्वयंसेवक, चुलीवरचा स्वयंपाक, रात्री शेकोटी आणि एका दुपारी मुलांनी स्वतः उभारायचा बांबूचा मांडव.

चाकू कोणता, या प्रश्नाला मी लगेच हात घातला नाही. भाच्याला म्हटलं, पुढच्या शिबिरात एक वही ठेव. कुणीही कुऱ्हाड, विळा, सुरी, काहीही उचललं की कशासाठी उचललं ते एका ओळीत लिहायचं. तो कंटाळला, पण लिहून आणलं. वहीत सर्वांत जास्त ओळी होत्या सरपण बारीक करण्याच्या: मनगटाएवढा ओंडका फोडून बोटाएवढ्या चिपा करणं. चूल पेटवायला, विझत आलेली फुलवायला, सकाळी दवाने ओलसर झालेल्या लाकडाचा कोरडा गाभा काढायला. त्याखालोखाल बांबू: तोडणं, चिरणं, खुंट्यांना टोक काढणं. मग रायमुनियाची जाळी साफ करणं (पुण्याकडे हिला घाणेरी म्हणतात). दोनदा दोरी कापली, एकदा भोपळा.

झाड पाडल्याची ओळ एकही नव्हती, आणि ते बरंच झालं. शेत आपलं असलं तरी साग, मोह, ऐन, बिजा, तिवस ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. राखीव जंगलातून हिरवी फांदी आणणं तर सोडाच. जळतं ते धुऱ्यावरच्या बाभळीचं छाटलेलं आणि वाळून पडलेलं लाकूड.

म्हणजे मोठ्या चाकूच्या जाहिरातीत जे काम दाखवतात, ते खोड तोडणं, इथे नव्हतंच. इथे फोडणं होतं, चिरणं होतं आणि साफसफाई.

तुटलेल्याचं शवविच्छेदन

जुन्या चाकूची मूठ मी व्हाइसमध्ये धरून उघडली. आत पात्याची शेपटी म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीचा आटे पाडलेला बोल्ट होता, आणि तो ॲल्युमिनियमच्या नळीत एका नटने आवळलेला. पातं दीड इंच रुंद, आणि खांद्याशी एकदम काटकोनात कमी होऊन त्याचा हा बोल्ट झालेला. असा आतला कोपरा म्हणजे चीर सुरू व्हायला दिलेलं आमंत्रण. फिटरच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही आम्ही सांगतो की कोपरा गोल ठेव. लाकडावर पातं ठेवून वरून सोट्याने ठोकलं की सगळा धक्का नेमका त्या जागी जातो. तुटल्याजागी अर्धा भाग जुना, काळपट गंजलेला होता आणि अर्धा ताजा चकचकीत. म्हणजे चीर आधीच पडली होती. शेवटच्या ठोक्याने फक्त निकाल दिला.

पात्यावर कानस फिरवली तर साध्या लोखंडासारखी चावली. नीट कडक केलेल्या धारेवर कानस घसरते किंवा जेमतेम ओरखडा काढते. पाठीचे दात लाकूड कापत नव्हते, उलट वरून ठोकायचा सोटा कुरतडत होते. आणि होकायंत्र! पोलादी चाकूच्या बुडाशी बसवलेल्या सुईकडून उत्तर दिशेची अपेक्षा ठेवणं म्हणजे डीजेच्या गाडीवर बसून भजन ऐकणं.

मग कुऱ्हाडच का नको?

बहिणीचा पहिला प्रश्न हाच होता. "घरी कुऱ्हाड आहे, कोयता आहे, विळा आहे. अजून काय पायजे त्याला?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी घरची कुऱ्हाड आणि घरचा कोयता घेऊन एक दिवस बसलो. तीन इंची वाळकी बाभळीची फांदी कुऱ्हाडीने दहा-बारा घावांत तुटली. कोणताही चाकू तिच्या जवळपास येणार नाही, कारण कुऱ्हाडीचं सगळं वजन दांड्याच्या टोकाला असतं आणि दांडा लांब. जाड ओंडके फोडायलाही तीच. पण चिपा करताना ती नडते. बोटाएवढी चीप काढायला छोटा तुकडा उभा धरावा लागतो आणि कुऱ्हाडीची धार चारच बोटं रुंद. नेम चुकला की घाव जमिनीत नाहीतर नडगीवर. हात बसलेल्या माणसाला हे कळतही नाही. आमचे स्वयंसेवक कॉलेजातले.

बांबूवर कुऱ्हाड घसरते. बांबू फोडायचा म्हणजे पातं टोकावर बसवून वरून ठोकायचं आणि मग ते पेऱ्यापेऱ्यातून ढकलत न्यायचं. इथे पातळ, लांब, सरळ धार लागते. घरच्या कोयत्याची धार पुढे आकडीसारखी वळलेली, म्हणून तोडायला छान, पण ठोकून चिरायला गेलं की पातं तिरकं पळतं. शिवाय त्याची मूठ म्हणजे निमुळती शेपटी तापवून लाकडात घुसवलेली, वर एक लोखंडी कडं. ओढून तोडताना ती पक्की बसते. वरून ठोकलं की हळूहळू ढिली होते.

तर मोठ्या चाकूची जागा खरी होती, पण छोटी. कुऱ्हाडीचं काम कुऱ्हाडीने करायचं. तिच्या खालच्या कामाला, म्हणजे ठोकून फोडणं, बांबू चिरणं, जाळी छाटणं यांना, सात ते दहा इंचांचं सरळ, मुठीच्या शेवटापर्यंत अखंड लोखंड असलेलं पातं हवं होतं.

भाच्याने लगेच दोन पर्याय पुढे केले. एक अमेरिकेचा, का-बार कंपनीच्या बेकर मालिकेतला बीके-९ चाकू. पातं सव्वानऊ इंचांचं, उच्च कार्बन पोलादाचं, लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत. माल चांगला, यात शंका नाही. पण ज्याने मागवून देतो म्हटलं त्याने पाच आकडी रक्कम सांगितली, आणि चुलीच्या चिपा काढायला तेवढे पैसे भाच्याच्या शिबिरात नाहीत. दुसरा पर्याय नेपाळी कुकरी. पुढे जड, तोडायला अप्रतिम. मात्र तिचा बाक ठोकून चिरताना कोयत्यासारखाच आडवा येतो. कुकरीबद्दलची एक गोष्ट मला उपयोगी पडली. नेपाळातले कामी लोक ती बहुतेक ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीपासून) घडवतात. तो पाटा तर आपल्याही भंगारात पडलेला असतो.

नऊ इंचांची रेघ

लांबी ठरवताना मी कायद्याचं पुस्तक काढलं. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ चे. त्यांच्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे येतात, कुकरीचं तर नाव घेऊन. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, म्हणून शेतावरच्या कोयत्याला कुणी अडवत नाही. पण काळ्या मुठीचा, टोकदार, दुहेरी धारेचा ‘सर्व्हायव्हल’ चाकू शेतीचा आहे हे एसटी स्टँडवर समजावून सांगण्याची वेळ येऊच नये. म्हणून ठरलं: लांबी ९ च्या आत, रुंदी २ च्या आत, धार एकाच बाजूला आणि टोक बोथट. टोकाने करायचं काम वहीत नव्हतंच.

दुसरा नियम याहून कडक आहे. शिबिरात एक दिवस नवेगाव राष्ट्रीय उद्यानाची फेरी असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. गाडीच्या डिकीत राहिलेला कोयताही चालणार नाही. त्या दिवशी सगळी हत्यारं बहिणीच्या कोठीत, किल्ली तिच्या कमरेला.

घडवताना

भंगारवाल्याकडून जीपचा पाटा घेतला, सात मिलिमीटर जाड. कमानीचं पोलाद, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, शिवाय सिलिकॉन. धार फार काळ टिकवणारं नव्हे, पण धक्का सोसणारं, आणि आम्हाला तेच हवं होतं. जुन्या पाट्याचा धोका असा की वर्षानुवर्षं लवून त्यात न दिसणाऱ्या चिरा असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. घासून स्वच्छ केलेल्या पाट्याला रॉकेल लावलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. चिरेत मुरलेलं रॉकेल वर येऊन पुडीत काळी रेघ उठते. भोकाशी दोन रेघा उठल्या. तो भाग कापून टाकला.

आमचे लोहार साठीच्या पुढचे. माप ऐकून त्यांनी भाता थांबवला.

"पावणेनऊ? सर, नऊ नाही, दहा नाही, हे मोजमाप कोन्या कारखान्यातलं जी?"

मी कायदा सांगितला. ते हसले आणि खडूने ऐरणीवर पावणेनऊची खूण करून घेतली.

पाटा लाल करून रात्रभर राखेत पुरला, म्हणजे सकाळी तो कानशीला मऊ लागतो. घडण त्यांची, आकार माझा: पाठ पाच मिलिमीटर, रुंदी पावणेदोन इंच आणि टोकाकडे किंचित जास्त, धार जवळजवळ सरळ, शेवटच्या दोन इंचांत थोडी उचललेली. मुठीतलं लोखंड शेवटपर्यंत तेवढंच जाड, आणि खांद्याचे दोन्ही कोपरे गोल कानशीने गोल केलेले.

पाणी देताना आमचं बिनसलं. मी म्हटलं तेलात बुडवू. ते म्हणाले, "तेलात काऊन? आमचा बाप पानीच दे, आम्ही पानीच देतो." त्यांचं चुकत नव्हतं. विळ्या-कोयत्याची फक्त धार ते क्षणभर पाण्याला लावतात, आणि त्या कामात त्यांचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे. पण इथे पाच मिलिमीटरचं अख्खं पातं होतं, आणि कमानीचं पोलाद पाण्यात फार झटकन थंड होतं. मी वाद घातला नाही, कारण दोन पाती घडवली होती. पहिलं त्यांच्या पद्धतीने. पाण्यात गेलं आणि ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. धारेपासून पाठीकडे अर्धा इंच चीर. लोहारांनी ते चिमट्यात वर धरलं, उजेडात पाहिलं आणि काही न बोलता बाजूला ठेवलं.

दुसऱ्यासाठी मोहाच्या बियांचं तेल एका उभ्या डब्यात घेतलं, बोट बुडवता येईल इतकं कोमट केलं. पातं तापवताना तारेला बांधलेलं चुंबक अधूनमधून लावून पाहायचं. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला सोडतं. त्याहून थोडं वर, सगळीकडे सारखा रंग आला की उभं तेलात. भडका उडतो, म्हणून झाकण हाताशी आणि पोरं लांब. बाहेर काढल्यावर कानस काचेवर घसरावी तशी घसरली.

एवढं कडक पातं बाभळीच्या गाठीवर तुकडे होईल. म्हणून घासून पांढरं केलं आणि तापलेल्या वाळूवर पाठ खाली करून धरलं. रंग पाठीकडून धारेकडे चढतात: आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग वांगी, शेवटी निळा. सुरीला गव्हाळ पुरतो. ठोकून फोडायच्या हत्याराची धार मी वांगी रंगाला थांबवली आणि पाठ निळी होऊ दिली, म्हणजे धार राहील आणि पाठ लवेल. हेच दुसऱ्यांदा करून घेतलं. नंतर धार लावताना कोरड्या सहाणचाकावर पातं नेऊ दिलं नाही. बाजारातला धारवाला दोन मिनिटांत धार निळी करून देतो आणि ही सगळी मेहनत वाया जाते. धार कानस आणि ओल्या दगडावर, दोन्ही बाजू मिळून साधारण ४० अंश, किंचित पोट ठेवून.

मुठीला धावड्याच्या दोन फळ्या, तीन रिवेट आणि जवसाच्या तेलाचे चार हात. कुऱ्हाडीचे दांडे धावड्याचेच करतात, कारण ते लाकूड झटका सोसतं. म्यान पीव्हीसी पाइप गरम करून चपटा केलेल्याचं. चामड्याचं दिसायला सुंदर, पण आपल्या पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत गंजतं. एकूण वजन ५१० ग्रॅम. खर्च, लोहारांची मजुरी आणि फुटलेलं पातं धरून, साडेनऊशे.

शिबिरात

वाळक्या बाभळीची तीच तीन इंची फांदी या पात्याने तीसेक घावांत तुटली. कुऱ्हाडीच्या तिप्पट कष्ट. भाच्याचा चेहरा पडला, पण मला हे आधीच ठाऊक होतं. नंतर ओंडके फोडायला घेतले. मनगटाएवढ्या तुकड्यावर पातं ठेवायचं, दोन्ही टोकं बाहेर राहतील असं, आणि पळसाच्या सोट्याने बाहेर आलेल्या टोकावर ठोकायचं. लाकडाची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा निदान तीन इंच कमी हवी, नाहीतर ठोकायला टोकच उरत नाही. गाठ दिसली की तो तुकडा कुऱ्हाडीकडे. गुडघे टेकून बसायचं, म्हणजे चुकलेला घाव जमिनीत जातो, मांडीत नाही. अर्ध्या तासात दोन चुलींचं सकाळचं सरपण झालं, आणि ते करणारी मुलगी त्याआधी कधी लाकूड फोडायला बसलेली नव्हती.

कटांगाच्या बेटात पातं खऱ्या अर्थाने कामाला आलं. आधी काटेरी फांद्या छाटायच्या, मग कांडं तोडायचं, मग चिरायचं. तिन्ही कामं हातातलं हत्यार न बदलता झाली. मानवेल मात्र जवळजवळ भरीव असतो. तो चिरताना पातं अडकतं, दोन ठोके जास्त लागतात. बांबूत सिलिका असते, म्हणून धार लाकडापेक्षा लवकर बसते. संध्याकाळी दगडावर पाच मिनिटं हात फिरवणं हा त्या पात्याचा रोजचा हक्क आहे. (जाता जाता: बांबूचं पेरं न फोडता शेकोटीत टाकू नका. आतली हवा तापून ते फटाक्यासारखं फुटतं.)

दोन दोष निघाले. एक, तेलात बुडवताना पातं किंचित वाकलं, टोकाला दोन मिलिमीटर उजवीकडे. चिरताना ते त्या बाजूला ओढतं. थंड असताना सरळ करायला गेलो तर तुटेल, पुन्हा तापवलं तर सगळं पहिल्यापासून, म्हणून तसंच ठेवलंय. दुसरा दोष जास्त महत्त्वाचा, आणि तो माझा आहे. मूठ मी माझ्या पंजाच्या मापाने केली. सहा स्वयंसेवकांपैकी तीन मुली, आणि त्यांच्या हातात ती जाड पडते. पकड ढिली राहते, मग मनगट दुखतं आणि दुखऱ्या मनगटाचा घाव भरकटतो. त्यातल्या एकीने शेवटच्या दिवशी वहीत माझ्यासाठी ओळ लिहिली होती: "सर, मूठ बारीक करा आणि पातं पण थोडं हलकं."

मूठ कानशीने बारीक केली. हलक्यासाठी साडेसात इंचांची दोन पाती सांगितली आहेत, पाठ चार मिलिमीटर. पाटा तपासून, कापून लोहारांकडे पोहोचवलाय. त्यांनी तो भात्यामागे उभा करून ठेवलाय. सध्या धान कापणीच्या विळ्यांची रांग लागली आहे, आणि मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) उरकल्याशिवाय ते माझ्या पाट्याला हात लावणार नाहीत. तेलाचा डबा मात्र परत नेऊ नका म्हणाले.